शरीराची वीण

(या पुस्तकाचा मराठी अनुवाद पूर्ण झाल्यानंतर कोलकात्यातील मराठी वाचकांच्या एका मेळाव्यात अनुवादिकेने दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर होय.)



पुस्तकाचा अनुवाद करणाऱ्या व्यक्तीला त्या पुस्तकाच्या विषयावर बोलावयास उभे करणे हे दुभाष्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसविण्यासारखे आहे. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नव्हे. माझे पदव्युत्तर शिक्षण मराठी भाषा व वाङ्मय यांत झाले आणि नंतरची वीस वर्षे इतरांचे ग्रंथ मराठीत आणण्यात गेली. शरीररचनेवरील या पुस्तकाने मला जे शिकविले तेवढीच माझी पुंजी. तरीही आपले निमंत्रण मी स्वीकारले, याला दोन कारणे आहेत. एक असे, की ज्या विषयावर मी आज बोलणार आहे तो आपणांपैकी प्रत्येकाच्या अंगात आहे, आणि तरीही त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. दुसरे कारण माझ्या घरातले आहे. ते मी अखेरीस सांगेन.

अनुवादकाची पहिली गाठ पडते ती शब्दाशी. पुस्तकातील एक प्रदीर्घ प्रकरण ‘संयोजी ऊतक’ या विषयाला वाहिलेले आहे. परिभाषाकोशांनी हा शब्द रूढ केला असला, तरी सामान्य वाचक त्याच्यापाशी अडखळतो. मीही अडखळले. ‘ऊतक’ हा शब्द मला प्रथम रुक्ष वाटला; पण त्याचे मूळ पाहिले आणि माझे मत पालटले. संस्कृतात ‘वे’ म्हणजे विणणे आणि ‘ऊत’ म्हणजे विणलेले. आपण नित्य वापरतो त्या ‘ओतप्रोत’ या शब्दातही हेच विणकाम दडलेले आहे. ऊतक म्हणजे शरीराची वीण आणि संयोजी ऊतक म्हणजे जोडून धरणारी वीण. हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा, सांध्यातील हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा, स्नायूंना व इंद्रियांना वेढणारी प्रावरणी, त्वचेतील दाट थर, ही सर्व एकाच कुळातील मंडळी. शास्त्रज्ञ हाडाची आणि रक्ताचीही गणना याच कुळात करतात. परंतु आज आपण त्यांतील लवचिक मंडळींपुरतेच बोलू.

या विणीची ओळख आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘स्नायु’ हा शब्द येतो. आज स्नायू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दंडाची बेटकुळी उभी राहते. सुश्रुताला मात्र त्या शब्दाने बांधणारे तंतू, म्हणजे बव्हंशी अस्थिबंध व कंडरा, अभिप्रेत होते. मांसाच्या गटांना त्याने ‘पेशी’ म्हटले आहे. फळ्या अनेक दोरांनी घट्ट बांधून केलेली नाव ज्याप्रमाणे पाण्यावर भार वाहते, त्याप्रमाणे स्नायूंनी सांधे बांधलेले असल्यामुळे मनुष्य भार सहन करतो, असा दृष्टांत त्याने दिला आहे; आणि हाडे, पेशी, शिरा वा सांधे यांच्या इजेपेक्षा स्नायूची इजा अधिक घातक होते, असेही बजावले आहे. शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात कसे सरकतात पाहा. सुश्रुताची पेशी आज सूक्ष्मदर्शकाखाली गेली, त्याचा स्नायू मांस होऊन बसला, आणि बांधणाऱ्या वस्तूला आपल्या बोलण्यात नावच उरले नाही. कंडरा दुखावली तरी आपण ‘शीर आखडली’ म्हणून मोकळे होतो. ज्या वस्तूला नाव नाही तिची काळजी कोण घेणार?

सुश्रुतसंहिता छापील रूपात १८३५-३६ साली याच नगरीत प्रसिद्ध झाली. ती संपादिली होती पंडित मधुसूदन गुप्त यांनी. १८३५ मध्ये स्थापन झालेल्या येथील मेडिकल कॉलेजात १८३६ साली ज्यांनी रूढीची भीड न बाळगता स्वतःच्या हाताने शवविच्छेदन केले ते हेच. हूपरच्या इंग्रजी शारीरग्रंथाचे संस्कृत भाषांतरही त्यांनी केले. तेव्हा या नगरीत शरीराविषयी बोलू पाहणाऱ्या अनुवादकाने पहिला नमस्कार मधुसूदन गुप्तांना करावयास हवा.

ही वीण नेमके काय करते, हे मला पुस्तकातील आकृत्यांपेक्षा कुमारटुलीच्या गल्लीत अधिक स्पष्ट झाले. तेथे मूर्ती घडताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. प्रथम बांबूचा व लाकडाचा सांगाडा उभा राहतो. बंगालीत त्याला ‘काठामो’ म्हणतात. त्यावर भाताच्या पेंढ्याचे अंग बांधले जाते. मांडी, दंड, कंबर यांचे उठाव सुतळीच्या फेऱ्यांनी आवळून आकाराला येतात. मग तूस मिसळलेल्या चिकट मातीचा लेप, त्यावर बारीक मातीचा लेप, आणि जेथे भेगा पडतील तेथे पातळ मातीत भिजविलेल्या कापडाच्या पट्ट्या. रंग चढला, दागिने चढले, की आपण देवीचे डोळे पाहतो. सुतळी कोणी पाहत नाही. पण ती आतून काढून घेता आली असती, तर सारे अंग क्षणात विस्कटले असते. आपल्या शरीरातील सुतळी आणि कापडाची पट्टी म्हणजे संयोजी ऊतक. फरक एवढाच, की मूर्तीची सुतळी एकदा बांधली की काम संपले. शरीरातील सुतळी जिवंत आहे. ती ताणाप्रमाणे वळण घेते, कामाशिवाय राहिली तर गुंतते, आणि तिला खुराक लागतो. या तीन गोष्टींविषयीच मला बोलावयाचे आहे. खुराकापासून आरंभ करू.

या ऊतकात पेशी थोड्या आणि पेशींनी स्वतःभोवती निर्माण केलेले आधारद्रव्य पुष्कळ, असा प्रकार असतो. तंतुजनक पेशी जणू कोष्ट्यांप्रमाणे आपापल्या जागी बसून धागे काढीत असतात. धागे मुख्यतः दोन प्रकारचे. इलॅस्टिनचे धागे रबराप्रमाणे ताणतात व पूर्ववत होतात. कोलॅजेनचे धागे फारसे ताणत नाहीत. ओढ सहन करणे हे त्यांचे काम. या धाग्यांच्या अवतीभवती पाणी धरून ठेवणारे एक बुळबुळीत द्रव्य असते, त्यामुळे थर एकमेकांवरून सरकतात. या द्रव्याचा एक प्रमुख घटक हायल्युरॉनिक अम्ल हा कार्ल मेयर व जॉन पामर यांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातून वेगळा केला.

आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांचा सुमारे तीस टक्के भाग एकट्या कोलॅजेनचा असतो. त्याची रचना प्रथम उलगडली ती मद्रासमध्ये, ही आपणां सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. सी. व्ही. रामन यांचे शिष्य जी. एन. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कार्था या सहकाऱ्यासह १९५४ साली असे दाखविले, की कोलॅजेनचा रेणू तीन पेडांचा असतो. वेणी किंवा दोर यांप्रमाणे तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. पीळ घट्ट बसावा म्हणून प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो अम्ल येते. त्याहून मोठे काही तेथे मावतच नाही. एवढ्या प्रचंड दोरखंडाचा सारा भरवसा दर तिसऱ्या मण्याच्या लहानपणावर असावा, हे वाचून मी अनुवादाचे पान क्षणभर बाजूला ठेवले होते.

आता हा पीळ टिकण्यासाठी आणखी एका गोष्टीची गरज असते. साखळीतील प्रोलीन या घटकावर एक छोटीशी रासायनिक प्रक्रिया घडावी लागते, आणि ती करणाऱ्या विकराला क जीवनसत्त्वाची सोबत लागते. ती मिळाली नाही, तर शरीराच्या नेहमीच्या उष्णतेतच पीळ सैल पडतो. स्कर्व्ही या रोगात हिरड्यांतून रक्त येते, सांधे दुखतात, एवढेच नव्हे तर बऱ्या झालेल्या जुन्या जखमाही उघडतात, त्याचे कारण हेच होय. जेम्स लिंड या नौदलातील शल्यवैद्याने १७४७ साली बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, तेव्हा संत्री व लिंबू मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. मात्र असे का झाले, हे समजण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

येथे पुन्हा आपण कोलकात्याकडे येतो. कलकत्ता विद्यापीठात उपयोजित रसायनशास्त्र शिकविणारे डॉ. बीरेशचंद्र गुह हे भारतातील जीवरसायनाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. केंब्रिजमध्ये हॉपकिन्स यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते. १९४३ च्या दुष्काळात माणसे रस्त्यांवर मरत असताना स्वस्त वनस्पतींतून प्रथिने मिळविण्याच्या खटाटोपात ते पडले, ही त्यांची दुसरी ओळख. क जीवनसत्त्व हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. शेळीला लिंबू खावे लागत नाही. मनुष्य, माकडांच्या अनेक जाती, गिनिपिग यांना ती शक्ती नाही. गुह आणि आर. एन. रॉय यांनी १९५८ साली दाखविले, की आपल्या अंगणात येणाऱ्या लालबुड्या बुलबुलालाही ती नाही. योग्य अन्न न मिळाल्यास त्या पक्ष्यालाही स्कर्व्ही होतो. पुढे याच विद्यापीठातील आय. बी. चटर्जी यांनी उत्क्रांतीच्या ओघात ही शक्ती कोणत्या प्राण्यांत आली व कोणत्या प्राण्यांतून गेली, याचा आलेख १९७३ साली मांडला. तात्पर्य, आपण बुलबुलाच्या पंगतीचे आहोत. फळ मिळाले तर आपला दोर टिकतो.

सुदैवाने हा खुराक महागडा नाही. एका मध्यम पेरूत दिवसाची गरज भागून उरेल इतके क जीवनसत्त्व असते, आणि बारुईपूरचे पेरू हंगामात येथे दारोदार येतात. आवळा, कैरी, हिरवी मिरची, मोड आलेले मूग, भातावर पिळलेले कागदी किंवा गंधराज लिंबू, यांपैकी काही ना काही आपल्या ताटात असतेच. लक्षात एवढेच ठेवावयाचे, की उष्णतेने हे जीवनसत्त्व नाश पावते. म्हणून लिंबू आमटी उकळताना न पिळता ताटात पिळावे. याच्या जोडीला डाळ, दूध, मासे यांतून पुरेशी प्रथिने मिळाली, की तंतुजनक पेशी आपले सूत स्वतः कातून घेतात. हल्ली कोलॅजेनची भुकटी डब्यातून विकली जाते. पोटात गेलेले कोलॅजेन हे इतर प्रथिनांप्रमाणेच पचते व त्याचे तुकडे होतात. ते गुडघ्यात जसेच्या तसे जाऊन बसत नाही. त्यापासून काही जणांना थोडा लाभ होत असल्याचे प्रयोग झाले आहेत, नाही असे नाही. पण पेरू आणि डाळ यांची जागा तो डबा घेऊ शकत नाही.

आता हालचालीकडे वळू. तंतुजनक पेशीला ओढ समजते. ज्या दिशेने ताण पडेल त्या दिशेने ती धागे मांडते. ताणच पडला नाही, तर धागे वेडेवाकडे पडतात, त्यांच्यात नको तेथे आडवे सांधे तयार होतात, थरांमधले सरकणे मंदावते. दीर्घ काळ एकाच स्थितीत बसून उठताना अंग धरल्यासारखे वाटते, त्यात या मंदावण्याचाही वाटा असतो. मी दिवसाचे आठ तास मान खाली घालून बसणारी बाई आहे, तेव्हा हे मला पुस्तकावाचूनही ठाऊक होते.

मात्र हालचालीच्या बाबतीत घाई चालत नाही. व्यायामानंतर कोलॅजेनची निर्मिती वाढते, पण त्याबरोबर जुन्या धाग्यांची मोडही वाढते. पहिला दिवस-दीड दिवस मोड अधिक असते, जोड त्यानंतर पुढे जाते. म्हणून कठोर श्रमानंतर एक दिवस विसावा हा आळस नसून उपचाराचाच भाग होय. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, कंडरेला महिने लागतात. उत्साहाच्या भरात अचानक धावू लागलेल्यांच्या टाचा दुखतात त्या या अंतरामुळे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तर असे आढळले, की टाचेमागील कंडरेचा गाभा वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि नंतर जवळजवळ बदलत नाही. १९५५ ते १९६३ या काळातील अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या खुणा त्या ऊतकात शोधून त्यांनी हे अनुमान काढले. ज्या मुलांना आपण अभ्यासासाठी मैदानावरून घरी बोलावून घेतो, ती पुढच्या साठ वर्षांची दोरी तेथे वळत असतात, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या दोन्ही प्रांतांना या बाबतीत मोठा वारसा लाभला आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांना प्रयोगशाळेत नेले. त्याच्या एकच वर्ष आधी, १९२३ मध्ये, बिष्णुचरण घोष यांनी येथे शारीरिक शिक्षणाचे आपले विद्यालय काढले. त्यांच्या परंपरेत वजने उचलणे आणि आसने हातात हात घालून चालत, आणि एकेका आसनानंतर शवासनाचा विसावा असे. मोड आणि जोड यांचा हिशेब त्या काळी कोणी मांडला नव्हता. पण विसाव्याचे महत्त्व आखाड्याला उमगले होते. १९५२ साली विश्वश्रीचा किताब मिळविणारे मनोहर आइच याच शहरात शंभरी ओलांडून २०१६ साली वारले.

परंतु आखाड्याहून मोठी शाळा होती ती आपल्या जमिनीची. बंगाली गृहिणी बोंटीवर मासा चिरते, मराठी गृहिणी विळीवर भाजी चिरते. दोघीही एक पाय दुमडून जमिनीवर बसतात. जेवण जमिनीवर, पूजा जमिनीवर, निवडणे-टिपणे जमिनीवर. दिवसातून वीस वेळा बसणे-उठणे होई व गुडघे, खुबे, घोटे आपल्या पूर्ण आवाक्यात फिरत. स्वयंपाक ओट्यावर आला, याने बायकांची पाठ वाचली, हे मी नाकारीत नाही. पण ओट्याने जे घेतले ते आपण अन्यत्र भरून काढले नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ स्त्रीपुरुषांना केवळ जमिनीवर बसून उठावयास सांगितले, आणि हात किंवा गुडघा टेकला की गुण कमी केले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी गुण मिळविणाऱ्यांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. बसण्या-उठण्याने आयुष्य वाढते असा याचा सरळ अर्थ नव्हे. लवचिकपणा, बळ, तोल आणि एकंदर प्रकृती यांचा तो एकत्रित ताळेबंद आहे. पण ताळेबंद पाहण्यास दमडीही लागत नाही. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी निदान एक वेळचा चहा जमिनीवर बसून घ्यावा, एवढेच मी सुचवीन.

ताण देण्याचे शास्त्रही थोडक्यात सांगते. ताण सावकाश द्यावा, वीस-तीस सेकंद स्थिर ठेवावा, श्वास कोंडू नये, झटके देऊ नयेत. कारण हे ऊतक झटक्याला कडक होऊन उत्तर देते आणि सावकाश ओढीला हळूहळू सैल पडते. नियमित सरावाने अंग मोकळे होते ते धागे लांब झाल्यामुळे असे समजू नये. मज्जासंस्था ताण सहन करावयास शिकते, हा त्यातला मोठा भाग. आणि काही व्यक्तींचे सांधे जन्मतःच प्रमाणाबाहेर सैल असतात. अंगठा मागे मनगटाला लावून दाखविणारी मुले आपण कौतुकाने पाहतो. अशांनी अधिक ताणू नये. त्यांना बळ हवे, लवचिकपणा नव्हे. ‘सैल’ आणि ‘निरोगी’ हे समानार्थी शब्द नाहीत.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख या शहरात टाळता येणार नाही. रक्तात साखर दीर्घ काळ अधिक राहिली, की ती कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते व त्यांना एकमेकांत जखडते. कोलॅजेन फार सावकाश बदलणारे असल्यामुळे हा चिकटा वर्षानुवर्षे साठत जातो. जुन्या मधुमेहात हाताची बोटे ताठरतात, आणि नमस्कारासाठी जोडलेले तळवे व बोटे एकमेकांस पूर्ण टेकत नाहीत; मध्ये फट राहते. डॉक्टर ही खूण मुद्दाम पाहतात. ती केवळ खूण आहे, निदान नव्हे. पण ज्या कृतीने आपण दिवसभरात दहा जणांचे स्वागत करतो, तीच आपली तपासणी करीत असते. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याचे प्रमाणही इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक असते.

खांद्याचा विषय निघाला, आणि आता मला ते दुसरे कारण सांगावयाचे आहे.

खांद्याचा सांधा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा. त्याच्याभोवती संयोजी ऊतकाची एक पिशवी असते. हात वर करता यावा म्हणून तिचा खालचा भाग सैल असतो; हात खाली सोडला की नऊवारीच्या ओच्याप्रमाणे त्याच्या चुण्या पडतात. हात वर गेला की चुण्या उलगडतात. हात आठवडेच्या आठवडे अंगाशी धरून ठेवला, तर त्या चुण्या एकमेकींना चिकटू लागतात, पिशवी जाड होते, आणि मग हात वर जात नाही. बॉस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली अशा दुखण्याला ‘गोठलेला खांदा’ असे नाव दिले. ओणवे होऊन हात सैल सोडावा व घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हेलकावू द्यावा, हा साधा व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

माझी आई साताऱ्याहून माझ्याकडे राहावयास आली तेव्हा तिचे वय ७१ वर्षांचे होते. त्याच पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून तिचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर घातले गेले, गळ्यात झोळी आली. घरी येताना एक छापील कागद मिळाला. एका बाजूस इंग्रजी, दुसऱ्या बाजूस बंगाली. मी तो बिलांच्या फायलीत लावला. त्या आठवड्यात माझ्याकडे एका कादंबरीची मुद्रिते तपासावयाची होती. आईने विचारले, “त्या कागदावर काय लिहिलंय गं?” मी न वाचताच म्हणाले, “नेहमीचंच. हाताला जपायला सांगितलंय.”

आई आज्ञाधारक रुग्ण. तिने हाताला जपले. झोळी रात्रीही काढली नाही. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, मनगट सुरेख जुळले होते. पण भीतीने तिने झोळी आणखी महिनाभर ठेवली आणि मीही काही बोलले नाही. त्यानंतर एके दिवशी तिने अंबाडा घालण्यासाठी हात उचलला, तो कानापर्यंतही गेला नाही. फिजिओथेरपिस्टकडे खेपा झाल्या. दीड वर्षाने हात बराचसा सुटला, पूर्ण सुटला नाही. मधल्या काळात तिने आपले केस कापून घेतले. दुसऱ्याने वेणी घालावी हे तिला रुचले नाही.

या पुस्तकाचे प्रस्तुत प्रकरण माझ्यापुढे आले ते त्यानंतर. त्यात एक वाक्य आहे: हात प्लास्टरमध्ये असताना बोटे, कोपर आणि खांदा, म्हणजे प्लास्टरबाहेर असलेला प्रत्येक सांधा, डॉक्टरांच्या संमतीने रोज हलवीत राहावा. मी उठून ती फाईल काढली. तेच वाक्य त्या कागदावर होते, दोन्ही भाषांत, ठळक अक्षरांत. माझी आई वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचणारी स्त्री आहे. तो कागद मराठीत असता, तर तिने तो दोनदा वाचला असता. घरात वीस वर्षांचा अनुवादाचा अनुभव होता, आणि एक पान अनुवादावाचून राहिले.

शब्दांची काटेकोर निवड करताना मी पुष्कळ रात्री घालविल्या आहेत. परंतु अनुवाद कशासाठी करावयाचा, हे मला त्या फायलीने शिकविले. वाङ्मय मराठीत यावे, तत्त्वज्ञान यावे, यात शंका नाही. पण दवाखान्यातून हाती पडणारा कागद, औषधाच्या डब्यावरील सूचना, व्यायामाचा तक्ता हेही माणसाच्या भाषेत आले पाहिजे. आणि जेथे ते येत नाही, तेथे ज्याला दोन भाषा येतात त्याने तो कागद समोरच्याला बसून वाचून दाखविला पाहिजे. परप्रांतात राहणाऱ्या आपणां सर्वांना हे लागू आहे. आपल्यापैकी कित्येकांकडे गावाहून आलेले आईवडील आहेत. आजारपणात ते तीन भाषांच्या मध्ये उभे असतात, आणि आपण घाईत असतो.

पुस्तकाचे हस्तलिखित प्रकाशन विभागाकडे पाठविल्यावर मी एक पान वेगळे लिहिले. मनगट मोडलेल्या माणसाने काय हलवावे, काय हलवू नये, कोणत्या खुणा दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावे, एवढेच त्यात आहे. एका अस्थिरोगतज्ज्ञांकडून ते तपासून घेतले. त्यानंतर आईला वाचावयास दिले. तिने चष्मा लावून सावकाश वाचले आणि एक दुरुस्ती सुचविली. मी ‘स्कंधसंधी’ असे लिहिले होते. तिने ते खोडून ‘खांदा’ केले. त्या पानाच्या प्रती बाहेर मेजावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांनी एकेक अवश्य न्यावी.

आपण तासभर एका जागी स्थिर बसून माझे बोलणे ऐकलेत. आपल्या तंतुजनक पेशींना ते फारसे मानवले नसेल. म्हणून उठण्यापूर्वी, ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन्ही हात सावकाश वर न्यावेत आणि चार श्वास तेथेच ठेवावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.